त्या कार्डावर सरकारचा शिक्का हवा: महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

सन्माननीय खासदार महोदया, महोदय,

लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ आणि राज्यसभेत १९, असे आपण ६७ जण. हे पत्र सगळ्यांना मिळून लिहिते आहे, कारण मागणं कुठल्या एका पक्षाकडे नाही. मी मूळची करवीर तालुक्यातल्या वळिवड्याची. बरीच वर्षं दिल्लीत वकिली करते आणि त्यातला बराचसा वेळ निर्वासितांच्या कागदपत्रांत जातो. मागणं आधीच सांगून टाकते. संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं उच्चायुक्त कार्यालय, ज्याला सगळे यूएनएचसीआर म्हणतात, ते १९८१ पासून दिल्लीत आहे. एवढ्या वर्षांत भारत सरकारनं त्या कार्यालयाशी स्वतंत्र करार केलेला नाही. तो करावा, आणि त्यासाठी आपण संसदेत प्रश्न विचारावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सुरुवात माझ्या गावापासून करते.

१९४३ साली कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, पंचगंगेच्या काठच्या आमच्या गावाशेजारी, बराकींची एक वसाहत उभी राहिली. तिथं जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहायला आली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. १९४० च्या सुमारास सोव्हिएत सत्तेनं त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून मालगाड्यांत कोंबलं आणि सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर चाल केली, राजकारण फिरलं, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. वाचले ते इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरच्या दिग्विजयसिंहजी जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आधीच आसरा दिला होता. त्यानंतरची मोठी वसाहत आमची. तिच्यात शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता.

माझी आजी तेव्हा नवी नवरी. सासूबरोबर पहाटे टोपलीत अंडी आणि भाजी घेऊन ती वसाहतीच्या फाटकाशी जाऊन बसायची. पोलिश बायका मराठीत आकडे मोजायला शिकल्या आणि आजी ‘जेन दोब्री’ म्हणायला शिकली. त्यांच्या भाषेत तो दिवसाचा नमस्कार. नव्वदी पार केल्यावर आजीला घरातल्यांची नावं आठवेनाशी झाली, पण दारात कुणी गोरा पाहुणा आला की ती न चुकता ‘जेन दोब्री’ म्हणायची.

पोलिश माणसं १९४७-४८ पर्यंत पांगली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकींत जागा मिळाली आणि आजचं गांधीनगर तिथूनच वाढलं. लग्नाचा बस्ता बांधायला तिथं जाणाऱ्या निम्म्या लोकांना आपण कुठल्या जागेवर उभे आहोत याची कल्पना नसते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेनं उभारलेला स्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथं जाऊन अभिवादन केलं. ते छायाचित्र आमच्या गावातल्या प्रत्येक फोनवर फिरलं होतं. मलाही ते पाहून भरून आलं.

ही गोष्ट आपण सगळेच सांगतो आणि सांगायलाच हवी. पण वकील म्हणून मला तिच्यातला एक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो भाषणांत कधी येत नाही. ती वसाहत नुसत्या दयेवर चाललेली नव्हती. तिच्यामागे कागद होते. ब्रिटिश हिंदुस्थानचं सरकार आणि लंडनमधलं पोलंडचं निर्वासित सरकार यांच्यात ठरलं होतं की जागा कुणी द्यायची, खर्च कुणी सोसायचा, देखरेख कुणी करायची. मुंबईत पोलंडचा वाणिज्य दूतावास होता, पोलिश रेड क्रॉस होती. काही अडलं तर कुणाकडे जायचं हे छावणीतल्या माणसाला ठाऊक होतं.

५ जुलै १९४५ ला ब्रिटननं लंडनमधल्या त्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातल्या पाच हजार माणसांचं कागदोपत्री पालकत्व ज्याच्याकडे, ते सरकारच एका दिवसात उरलं नाही. एरवी अशा वेळी छावण्यांचे हाल कुत्रा खात नाही. वळिवड्याचे हाल झाले नाहीत, कारण जबाबदारी उचलायला हक्काची दुसरी संस्था होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी सह्या करून संयुक्त राष्ट्रांची मदत व पुनर्वसन संस्था उभी केली होती. तिला ‘युनरा’ म्हणत. त्या ४४ सह्यांत एक सही हिंदुस्थानची होती. १९४६ मध्ये पोलिश वसाहतींची देखभाल युनराकडे आली, पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. आजी सांगायची, अंड्यांचे पैसे कधी थकले नाहीत. ते का थकले नाहीत, हे मला बऱ्याच वर्षांनी कायद्याची पुस्तकं वाचताना कळलं.

आता दिल्लीत या.

यूएनएचसीआरचा आणि भारताचा संबंध जुना आहे. १९६९ मध्ये तिबेटी निर्वासितांच्या मदतीसाठी या कार्यालयानं दिल्लीत बस्तान मांडलं, ते काही वर्षांनी बंद झालं. मधल्या काळात १९७१ आलं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. भारतानं मदत मागितल्यावर संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या मदतीचा समन्वय यूएनएचसीआरकडे दिला, तेव्हा प्रिन्स सद्रुद्दीन आगा खान उच्चायुक्त होते. त्या वर्षी नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘रिफ्युजी रिलीफ’ असं छापून काम भागवलं गेलं. माझे वडील तेव्हा नोकरीनिमित्त बाहेरगावी होते. त्यांनी आजीला पाठवलेल्या पाकिटांवर मूळ तिकिटाशेजारी हे छोटं तिकीट चिकटवलेलं दिसतं. त्यांच्या तुटपुंज्या पगारातून प्रत्येक पत्रामागे पाच पैसे अनोळखी माणसांसाठी जात होते आणि कुठल्याच पत्रात त्याबद्दल कुरकुर नाही. ती पाकिटं मी जपून ठेवली आहेत.

१९८१ मध्ये अफगाण आणि इराणी लोक येऊ लागले तेव्हा यूएनएचसीआर पुन्हा दिल्लीत आलं. पण स्वतःच्या नावाच्या करारानं नाही, तर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या, म्हणजे यूएनडीपीच्या छत्राखाली. तात्पुरती सोय म्हणून ते समजण्यासारखं होतं. ती सोय आजतागायत चालू आहे. दरम्यान १९९५ मध्ये भारत यूएनएचसीआरच्या कार्यकारी समितीचा सदस्य झाला. म्हणजे जिनिव्हात या संस्थेचं अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या टेबलाभोवती आपण बसतो. २०१८ मध्ये निर्वासितांविषयीचा जागतिक आराखडा आमसभेत आला तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. आणि आपल्याच राजधानीतल्या त्याच संस्थेच्या कार्यालयाला आपण चार दशकं दुसऱ्याच्या ओसरीवर बसवून ठेवलं आहे.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर परराष्ट्र मंत्रालयाचा कुणी जाणकार अधिकारी हे पत्र एका वाक्यात निकालात काढेल. यूएनएचसीआर पूर्णपणे कायद्याबाहेर आहे असं मी म्हणत नाही. ते संयुक्त राष्ट्रांचं अंग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकारांसाठी आपल्याकडे १९४७ चा कायदा आहे, १९४६ च्या त्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातही भारत १९४८ पासून सामील आहे. त्यामुळे कार्यालयाची मालमत्ता, दप्तर, अधिकाऱ्यांचं संरक्षण हे बऱ्यापैकी झाकलं जातं. पण या सगळ्यातून कार्यालयाला स्वतःपुरतं संरक्षण मिळतं. ज्या कामासाठी ते इथं आहे, त्या कामाबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही. निर्वासिताला अटक झाली तर कार्यालयाला कळवायचं का, कोठडीत त्याला भेटू द्यायचं का, दिल्लीबाहेर कार्यालयाची माणसं जाऊ शकतात का, आणि त्यांनी दिलेल्या कार्डाचं करायचं काय? यजमान देशाचा करार याच प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवण्यासाठी असतो.

कार्डाबद्दल जरा थांबून सांगते, कारण माझा सगळा दिवस त्याच्याभोवती जातो. ज्यांची मुलाखत घेऊन, छाननी करून यूएनएचसीआर निर्वासित म्हणून मान्यता देतं, त्यांना ते एक कार्ड देतं. फोटो, नाव, क्रमांक, मुदत. अजून निर्णयाची वाट पाहणारे धरून, या कार्यालयाकडे नोंद झालेली चाळीस हजारांहून जास्त माणसं भारतात आहेत. म्यानमारचे चिन (हा तिथला एक समाज, चीन देशाशी त्याचा संबंध नाही) आणि रोहिंग्या, अफगाण, सोमाली, आणखी इतर. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांची नोंद सरकार स्वतः ठेवतं, ते या हिशोबात नाहीत.

एकदा म्यानमारच्या एका चिन बाईबरोबर मी पश्चिम दिल्लीतल्या एका बँकेत गेले होते. ती शिवणकामाच्या कारखान्यात काम करायची. मालक आता रोख देणार नाही, खात्यात पैसे टाकणार म्हणाला होता. काउंटरवरच्या तरुणानं कार्ड हातात घेतलं, पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं, ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं. मग विचारलं, “इसमें सरकार का ठप्पा कहाँ है?” तो उद्धट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, आत जाऊन साहेबांना विचारलं, साहेबांनी वरच्या कचेरीत फोन लावला. पाऊण तासानं उत्तर आलं की यादीत हे कागदपत्र नाही. आधार आहे का? नाही. पासपोर्ट? जीव वाचवून पळालेल्या बाईकडे पासपोर्ट कुठून असणार? दीर्घ मुदतीचा व्हिसा? अर्ज केलेला, उत्तर नाही. ती उठली, कार्ड पुसून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं, पिशवी ब्लाउजमध्ये. पुढचे अनेक महिने तिची मजुरी शेजारणीच्या खात्यात जमा व्हायची आणि शेजारीण दर वेळी त्यातले थोडे काढून घ्यायची. त्या तरुणाला मी काय दोष देऊ? ज्या संस्थेला देशानं कागदावर ओळखच दिलेली नाही, तिच्या कार्डाला त्यानं कशाच्या जोरावर ओळख द्यावी?

२९ डिसेंबर २०११ ला गृह मंत्रालयानं एक कार्यपद्धती काढली होती. वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांनी छळ होण्याची भीती खरी असेल, तर त्या माणसाला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो. तो ज्यांना मिळाला त्यांना नोकरी करता येते, शिकता येतं, बँकेत मान खाली घालावी लागत नाही. तो सरकारचा कागद असतो, एवढंच त्याचं सामर्थ्य. ज्यांना तो मिळत नाही त्यांच्याकडे हे कार्डच उरतं. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन व परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. वैध पासपोर्ट-व्हिशाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निर्वासित कोण, याची व्याख्या त्यात नाही. काही गटांना सरकारनं आदेश काढून सूट दिली आहे, त्याचं मी स्वागत करते. म्यानमारहून पळालेल्या चिन बाईचं नाव त्या सुटीत नाही.

दिल्लीबाहेरचं चित्र याहून बिकट. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करानं सत्ता बळकावली तेव्हा सीमेपलीकडून हजारो लोक मिझोरममध्ये आले. मिझो लोकांनी त्यांना आपल्या घरात, चर्चच्या हॉलमध्ये, गावाबाहेर बांधलेल्या झोपड्यांत सामावून घेतलं. राज्य सरकार त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. पण यूएनएचसीआरला तिथं जाऊन काम करायची मुभा नाही. नोंदणी करायची तर दिल्ली गाठायची. मणिपूरमध्ये सात म्यानमारी नागरिक असे अडकले होते, त्यांत पत्रकार होते आणि लहान मुलंही. त्यांना दिल्लीच्या या कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ द्यावं, यासाठी उच्च न्यायालयात याचिका करावी लागली. ३ मे २०२१ ला मणिपूर उच्च न्यायालयानं तसा आदेश दिला आणि तो निकाल आजही आम्ही वकील आधाराला घेतो. पण विचार करा, एका कार्यालयाची पायरी चढता यावी म्हणून सात माणसांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. करारात ‘कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना राज्य सरकारच्या संमतीनं प्रवेश’ असं एक कलम असतं, तर दोन अधिकारी इम्फाळला गेले असते आणि काम झालं असतं.

आपल्या पुण्याचंच पाहा. अफगाण विद्यार्थ्यांसाठी पुणे हे दुसरं घर होतं. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं आणि ज्यांची मुदत संपत आली होती त्या मुलांना परतीची वाट राहिली नाही. त्यांतल्या काहींनी मला फोन केले. एक मुलगा पुण्याहून दोन रात्री जनरल डब्यात बसून दिल्लीला आला, कारण नोंदणीच्या मुलाखतीची तारीख हुकली असती. त्याला पोहे हा शब्द येत होता, ‘काय म्हणताय’ येत होतं. आपण इथं कायद्याच्या नजरेत कोण आहोत, हे मात्र त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. मीही त्याला छातीठोकपणे काही सांगू शकले नाही, आणि वकील असून ते सांगता न येणं फार लागतं.

आता आक्षेपांकडे वळते. ते पोकळ नाहीत, म्हणून टाळणार नाही.

पहिला नेहमीचा. भारतानं निर्वासितांच्या हक्कांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, मग यूएनएचसीआरशी करार कशाला? या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात. तो करार देश आणि देश यांच्यातला. मी मागते आहे तो देश आणि त्याच्या भूमीवर काम करणारी संस्था यांच्यातला. जॉर्डननं १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, पण १९९८ मध्ये यूएनएचसीआरशी सामंजस्य करार केला. लेबनॉननं २००३ मध्ये केला. पाकिस्ताननं १९९३ मध्ये. जॉर्डनचा मसुदा तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. आम्ही लोकांना कायमचं वसवणारा देश नाही, हे जॉर्डननं त्यात स्पष्ट धरलं, आणि मान्यता मिळालेल्या निर्वासितासाठी सहा महिन्यांत कायमचा मार्ग शोधायची जबाबदारी यूएनएचसीआरवर टाकली. पुढे इराक आणि सीरियातून लोंढे आले तेव्हा सहा महिन्यांचं गणित टिकलं नाही, हे खरं. पण छोट्याशा जॉर्डनला आपल्या अटी टेबलावर मांडता आल्या आणि त्या लिहूनही घेता आल्या. भारताला येणार नाहीत?

पाकिस्तानचं उदाहरण मी दोन्ही अंगांनी देते. तिथं २००७ पासून अफगाण निर्वासितांना नोंदणीची कार्डं मिळाली ती पाकिस्तान सरकारच्या ओळखपत्र विभागाकडून, यूएनएचसीआरच्या मदतीनं. त्या कार्डावर सरकारची मोहोर होती. आणि त्याच पाकिस्ताननं २०२३ पासून लाखो अफगाणांना परत धाडलं. तेव्हा करार झाला की सगळं सुरळीत झालं, असं मी आपल्याला सांगणार नाही. करार मोडता येतो, गुंडाळून ठेवता येतो. पण मोडायला आधी तो असावा लागतो. मग निदान न्यायालयात, संसदेत, वर्तमानपत्रात बोट ठेवून म्हणता येतं की तुम्ही हे कबूल केलं होतं. आज माझ्यासारखीला बोट ठेवायला कागदच नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. परकी संस्था आपल्या देशात बसून कुणालाही ओळखपत्र वाटते, हे कसं चालेल? २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही या कार्डांच्या वजनाबद्दल प्रश्न उपस्थित झाले. मला ही चिंता रास्त वाटते. ज्यांना ती खरोखर वाटते त्यांनी तर कराराची मागणी माझ्याआधी करायला हवी. आज कार्ड कुणाला मिळावं हे ते कार्यालय आपल्या निकषांवर ठरवतं आणि त्या प्रक्रियेत सरकारची ठरलेली अशी जागा नाही. करार झाला तर सरकार म्हणू शकतं, निकष आम्हाला दाखवा, आक्षेपाची सोय ठेवा, सुरक्षेच्या कारणावरून फेरतपासणीचा हक्क आम्हाला द्या, आणि निर्वासिताची खासगी माहिती त्याच्या मायदेशाच्या हाती लागणार नाही याची हमी दोघं मिळून घेऊया. सध्याच्या मोघमपणात सरकारला नियंत्रण मिळत नाही आणि निर्वासिताला आसरा मिळत नाही. फायदा होतो तो मधल्या दलालाचा, बनावट कार्ड विकणाऱ्याचा आणि दर महिन्याला मजुरी कापून घेणाऱ्या शेजारणीचा.

सरकारला असे करार जमत नाहीत असंही नाही. गेल्या काही वर्षांत त्यानं ते सफाईनं केले आहेत. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचं मुख्यालय गुरुग्रामला आहे, तिच्याशी मार्च २०१८ मध्ये मुख्यालय करार झाला. आपत्तींत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीच्या आघाडीशी २०२२ मध्ये झाला. वाघ, सिंह, बिबट्या यांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आघाडीशी एप्रिल २०२५ मध्ये झाला. आणि मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी यजमान देशाचा करार झाला तो पारंपरिक वैद्यकाच्या केंद्रासाठी, जामनगरला. ज्या जामनगरशेजारच्या बालाचडीत पोलिश मुलं उतरली होती, त्याच जामनगरला. हे सगळे करार व्हायलाच हवे होते, मला त्यांचा आनंद आहे. मसुदा कसा करायचा, मंत्रिमंडळाची मंजुरी कशी घ्यायची, १९४७ च्या कायद्याखाली अधिसूचना कशी काढायची, ही सगळी वाट मळलेली आहे. त्याच वाटेनं आणखी एक करार जावा.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. आश्रयाविषयीचं खासगी विधेयक शशी थरूर यांनी लोकसभेत मांडून पाहिलं आहे. त्याचं मोल मी जाणते. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. करार करणं हे सरकारच्या कार्यकारी अधिकारातलं काम आहे, मनात आणलं तर एका अधिवेशनाच्या आत होण्यासारखं. आणि तिजोरीवर भार नाही. यूएनएचसीआरचाच निधी आता आटला आहे, २०२५ मध्ये त्यांनी जगभरातली साडेतीन हजार पदं कमी करत असल्याचं जाहीर केलं. मदतीचे पैसे कमी होत जाणार असतील, तर ज्या गोष्टीला पैसे लागत नाहीत ती तरी आपण द्यावी. कार्डावर सरकारचा शिक्का उमटला की ती चिन बाई स्वतःच्या कमाईवर उभी राहते, तिला कुणाच्या मदतीच्या पाकिटाची गरज उरत नाही.

आपल्याला वेळ कमी असतो, म्हणून प्रश्न तयार करूनच पाठवते. तारांकित असो वा अतारांकित, आपल्या सोयीनं विचारावा. परराष्ट्र मंत्र्यांना: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाशी यजमान देश म्हणून करार करण्याबाबत सरकारसमोर प्रस्ताव आहे काय, असल्यास तो कोणत्या टप्प्यावर आहे, नसल्यास कारणं काय, आणि १९८१ पासून हे कार्यालय नेमक्या कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे काम करीत आहे? गृहमंत्र्यांना: या कार्यालयानं दिलेल्या ओळखपत्राची दखल बँका, शाळा, रुग्णालयं आणि पोलीस ठाणी यांनी कशी घ्यावी याबाबत राज्यांना काही सूचना दिल्या आहेत काय, आणि निर्वासिताला ताब्यात घेतल्यास कार्यालयाला कळवण्याची काही पद्धत ठरवली आहे काय?

आपल्यापैकी जे परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीवर आहेत त्यांना जादा विनंती. समितीनं या विषयावर एक बैठक घ्यावी. आणि तिथं अधिकाऱ्यांबरोबर दिल्लीत राहणाऱ्या दोन-चार निर्वासितांनाही बोलावून ऐकावं. हिंदी त्यांना छान येते, दुभाष्या लागणार नाही.

पंधरा दिवस आधी प्रश्नाची सूचना द्यावी लागते. येत्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की मी आपल्या प्रत्येकाच्या दिल्लीतल्या निवासस्थानी या पत्राची छापील प्रत, जॉर्डनच्या कराराचं मराठी भाषांतर आणि मणिपूरच्या निकालाची प्रत घेऊन येईन. भेट झाली नाही तर दारावर ठेवून जाईन. आणि आपल्यापैकी कुणाला आधी ती छावणीची जागा पाहायची असेल, तर वळिवड्याला रेल्वेचा थांबा आहे. मी घ्यायला येईन.

आपली विश्वासू,
वळिवडे (ता. करवीर, जि. कोल्हापूर) इथली, सध्या दिल्लीत वकिली करणारी एक मतदार